साम्राज्याचा जमाखर्च आणि साम्राज्याची प्रस्तावना

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पाश्चात्त्य साम्राज्यवादामागचा खरा हेतू कोणता: पैसा, सत्ता, की सुधारणेची प्रामाणिक इच्छा? त्या काळच्या इतिहासग्रंथांनी आणि कादंबऱ्यांनी त्याचं समर्थन कसं केलं? आणि परिणाम मोजायचे तर रेल्वे आणि शाळा एका पारड्यात, दुष्काळ आणि कर्जबाजारीपणा दुसऱ्या पारड्यात, असे तोलायचे का?

मी तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि सुट्ट्यांमधला बराच काळ एकोणिसाव्या शतकातले जमाबंदीचे, म्हणजे शेतसारा ठरवण्याचे, अहवाल आणि मोडी कागद वाचण्यात घालवला. म्हणून उत्तर साऱ्या जगाचं देत नाही. ज्या मुलखाचे कागद हाताखालून गेले तेवढ्यापुरतंच बोलतो: १८१८ नंतरचे पुणे, सातारा आणि नगर, शिवाय थोडा वऱ्हाड.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या प्रश्नात ती थोडी गुंतली आहे. हेतू आणि समर्थन वेगवेगळ्या कागदांत सापडतात. हेतू शोधायचा तर तहातली कलमं, फौजेचा खर्च, वसुलाचे आकडे पाहावे लागतात. समर्थन जाहीरनाम्यांत, ग्रंथांच्या प्रस्तावनांत आणि कादंबऱ्यांत असतं. विद्यार्थी बहुधा एकाच प्रकारचे कागद वाचतात आणि मग एक तर ‘सगळी लूट’ म्हणतात, नाही तर ‘सगळा उपकार’ म्हणतात.

तैनाती फौजेपासून सुरुवात करू. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतलं, दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. ईस्ट इंडिया कंपनीची पलटण पेशव्याच्या रक्षणाला राहणार, आणि तिच्या खर्चासाठी पेशव्याने सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. म्हणजे ज्या फौजेने पुढे पेशवाई बुडवली तिचा पगार पेशव्याच्याच रयतेने भरला. निजामाच्या बाबतीत हेच पन्नास वर्षांनी झालं. त्याच्या नावावर उभ्या केलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेचा पगार थकला, थकबाकी साचली आणि मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेवरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं होतं. रेल्वे कशासाठी हवी, याच्या कारणांत त्याने लष्कराची हालचाल सांगितली, आणि इंग्लंड कापसासाठी आक्रोश करत आहे, हिंदुस्थानात तो पिकतो, पण बंदरापर्यंत पोचवायची सोय नाही, हेही सांगितलं. वऱ्हाड हे कापसाचं आगर. फौजेच्या थकबाकीचं निमित्त खरं होतं, पण त्या महिन्यांतले हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर निव्वळ योगायोग मानणं मला जड जातं. पुढे वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला आणि खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. ज्वारीसाठी कमिशनर नेमल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

माझ्या मते या विषयावर सर्वांत बोलकी नोंद १८३३ च्या सनदेत, म्हणजे कंपनीचे अधिकार ठरवणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या कायद्यात आहे. त्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला. ती आता फक्त राज्य करणारी संस्था उरली. तरीही तिच्या लंडनमधल्या भागधारकांना वर्षाला साडेदहा टक्के नफा मिळत राहील आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जाईल, असं ठरलं. हे १८७४ पर्यंत चाललं. दुकान बंद, माल नाही, विक्री नाही, आणि नफा मात्र ठरलेला. तो यायचा तालुक्याच्या तिजोरीत जमा झालेल्या शेतसाऱ्यातून. हे कलम वर्गात वाचून दाखवल्यावर हेतूबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून पैसा हाच एकमेव हेतू होता का? नाही, आणि इथे घाई करू नका. जिंकलेल्या मुलखात पहिली काही वर्षं सगळ्यांत मोठा हेतू होता भीती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं पुण्यातल्या संगमावरचं घर नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी जळालं, त्यात त्याची पुस्तकंही गेली. दख्खनचा कमिशनर झाल्यावर त्याने जहागिरी शक्यतो कायम ठेवल्या, देवस्थानांची उत्पन्नं चालू ठेवली, साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांचं राज्य ठेवलं, दक्षिणा निधीतून, म्हणजे पेशवे ब्राह्मणांना वाटत त्या दानाच्या रकमेतून, पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली. कारण उघड होतं: नुकतंच बुडालेलं राज्य पुन्हा उसळू नये. त्याच माणसाबद्दल ब्रिग्ज या त्याच्या सहकाऱ्याने आठवण लिहून ठेवली आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. ही कशासाठी, असं विचारल्यावर तो म्हणाला, इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण हाच आपला युरोपला परत जायचा राजरस्ता आहे. हा माणूस ढोंगी नव्हता. त्याच्या मनात भीती, कर्तव्य आणि कुतूहल एकत्र नांदत होती. साम्राज्य मात्र एल्फिन्स्टनच्या मनावर चालत नव्हतं. ते ज्या हिशेबावर चालत होतं तो लंडनला तपासला जायचा.

आता समर्थनाकडे येतो. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावाच्या अपराधांचा पाढा होता आणि रयतेला वचनं होती: वतनं, इनामं, धर्म यांना धक्का लागणार नाही, वसूल मक्त्याने न देता सरकारी खात्यामार्फत होईल. या जाहीरनाम्यातलं शेवटचं कलम पोकळ नव्हतं. बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे मुलखाच्या वसुलाचे हक्क, लिलावाने जायच्या, इजारदार बोली वसूल करण्यासाठी रयतेला पिळून काढायचा, आणि त्याविषयी आपलेच मराठी कागद तक्रार करतात. समर्थनात खऱ्याचा अंश असतो म्हणूनच ते टिकतं. निव्वळ खोटं वर्षभरात उघडं पडलं असतं.

पण जाहीरनामा लोक विसरतात. ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जातात. १८१७ मध्ये जेम्स मिलचा हिंदुस्थानचा इतिहास लंडनमध्ये छापून आला. मिल हिंदुस्थानात कधीच आला नव्हता, इथली कुठली भाषा त्याला येत नव्हती, आणि या गोष्टीने निर्णय अधिक निःपक्ष होतो असं त्याने प्रस्तावनेतच मांडलं. कंपनीचे होणारे अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात हे पुस्तक वाचून बोटीत बसायचे. त्याच्या मुलाने, जॉन स्टुअर्ट मिलने, १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात हे तत्त्व अप्रगत समाजांना लागू नाही, त्यांच्यावर एकतंत्री राज्य केलं तर चालेल, फक्त उद्देश त्यांची सुधारणा हा हवा, असं स्पष्ट म्हटलं आहे. हा मुलगाही कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता.

आपल्याला अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, तीन खंड, १८२६. इथे जरा थांबतो, कारण समर्थन आणि विद्वत्ता एकाच जिल्दीत कशी बांधली जाते ते या ग्रंथात दिसतं. डफ हा साताऱ्याच्या दरबारातला इंग्रज प्रतिनिधी. वय तिशीच्या आसपास. कागद जमवण्यात त्याने केलेली मेहनत आजही दाद देण्यासारखी आहे. सनदा, बखरी, दरबारचे कागद, जुन्या कारभाऱ्यांच्या तोंडच्या हकिगती, काही म्हणजे काही सोडलं नाही. पण मराठी राज्य उभं कसं राहिलं या प्रश्नाला त्याचं उत्तर असं, की सह्याद्रीच्या रानात वाळलेल्या गवताला आग लागावी तसा तो उठाव पसरला. आग लागायला विचार लागत नाही, संस्था लागत नाहीत, वारा असला की झालं. आणि आग विझवणारा जो येतो त्याला कारण विचारायचं नसतं. ही एक उपमा पाचशे कागदांच्या टाचणांपेक्षा जास्त काम करून गेली. लवकरच हा ग्रंथ कॅप्टन केपनच्या हातून ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठीत आला आणि मराठी मुलं आपल्या पणजोबांची हकीकत त्यातून शिकू लागली.

मराठीत त्याला उत्तर द्यायला चाळीस वर्षं लागली. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजातल्या तरुणाने डफच्या बखरीवर टीका लिहिली, ती एका सभेत वाचली. मग ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघालं आणि जुने कागद छापले जाऊ लागले. १८९८ मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. ती वाचताना प्रथमच जाणवतं की हे लोक तारखा, अंतरं, रसद, हुंड्या, दाणावैरण यांचा रोजच्या रोज विचार करत होते. वणवा हुंडी लिहीत नाही. १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि मराठी सत्तेचा उदय हा समाजाच्या आणि संतांच्या तयारीतून झाला असं मांडलं. या सगळ्या काळात पुण्याचं पेशवे दप्तर सरकारच्या कुलपात होतं. देशी संशोधकांना तिथे मोकळा प्रवेश नव्हता. गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले गेले ते १९३० नंतर. शंभरावर वर्षं एका समाजाची आठवण दुसऱ्याच्या रुमालांत, म्हणजे दप्तराच्या गाठोड्यांत, बांधून पडली होती. साम्राज्याच्या परिणामांची यादी करताना विद्यार्थी हा परिणाम लिहीत नाहीत. तो लिहावा असं मला मनापासून वाटतं.

एक तक्रार मात्र आपल्या लोकांविरुद्धही नोंदवतो. डफला उत्तर देण्याच्या नादात पुढची मराठी इतिहासलेखनाची पिढी मुत्सद्दी आणि सरदार यांच्यातच रमली, कुणबी बाहेरच राहिला. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच आपल्या पवाड्यात शिवाजीराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं होतं. तो धागा विद्वानांनी उचलला नाही.

कादंबऱ्यांत समर्थन वेगळ्या वाटेने येतं. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज. नळदुर्गला अधिकारी होता, त्या मुलखावर त्याचा जीव होता. त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये निघाली आणि इंग्लंडात गाजली. राणी व्हिक्टोरियाने ती छापखान्यातून बाहेर पडायच्या आधीच वाचायला मागवली होती. कादंबरीची रचना पाहा: अमीर अली नावाचा ठग कैदेत बसून एका साहेबाला आपली सगळी हकीकत सांगतो. साहेब फारसा बोलत नाही, तो ऐकतो. वाचक आपोआप साहेबाच्या खुर्चीत बसतो. ठग खरे होते, त्यांनी मारलेले वाटसरूही खरे होते. पण लंडनच्या वाचकाला हा देश असा दिसला, की जिथे रस्त्यावर भेटलेला हसतमुख सोबती रात्री गळा आवळतो आणि साहेब आला तरच रस्ता मोकळा होतो. ‘ठग’ हा शब्द इंग्रजीत रुजला आणि अजून आहे.

टेलरचीच ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी तर आपल्या तुळजापूरची. नायिका ब्राह्मण शास्त्र्याची विधवा मुलगी. शेवटी तिला सती देण्याची वेळ येते आणि तिला वाचवतो अफझलखानाचा मुलगा. वाचवणारा इथे इंग्रज नाही, कारण कथा १६५७ ची आहे आणि इंग्रजी राज्य अजून यायचं आहे. पण वाचवण्याची जागा आखून ठेवलेली आहे. दहा वर्षांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाची गोष्ट लिहिली, त्यात तीच जागा इंग्रज प्रवाशाने भरली: बुंदेलखंडात बाईला चितेपासून वाचवायचं ठरवणारा फिलिअस फॉग (प्रत्यक्ष उचलून आणतो तो त्याचा फ्रेंच नोकर). सतीची चाल भयंकर होती आणि १८२९-३० चा बंदीचा कायदा योग्यच होता, यात मला तिळमात्र शंका नाही. मी फक्त एवढं दाखवतो आहे की चितेपाशी उभी असलेली बाई हे चित्र युरोपच्या साहित्यात इतकं घट्ट बसलं, की या देशातल्या बाकी बायका दिसेनाशा झाल्या. शेतात निंदणारी, दुष्काळात खडी फोडणारी, सावकाराच्या ओट्यावर नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघत बसलेली बाई कुणाच्या कादंबरीत आली नाही. तिला वाचवायचं तर सारा कमी करावा लागला असता.

किपलिंगबद्दल थोडक्यात. जन्म मुंबईचा, १८६५, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. गोऱ्या माणसाच्या ओझ्याची त्याची कविता १८९९ ची, ती अमेरिकेला उद्देशून आहे: फिलिपिन्स घेतलंत, आता भार उचला. परीक्षेत ही कविता हिंदुस्थानवर लिहिली असं अनेक जण लिहितात, ते चूक आहे. मात्र ओझं वाहणारा कोण, ही अदलाबदल कवितेत जशी झाली तशीच ती वर सांगितलेल्या साडेदहा टक्क्यांतही झाली होती.

परिणामांसाठी तुम्हाला एकाच तालुक्यात नेतो, इंदापूरला. १८२७-२८ पासून प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. हा हेलीबरीत अर्थशास्त्र शिकून आलेला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताप्रमाणे जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे पंचावन्न टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर ते फार नेटकं होतं. पण मोजणी चुकीची निघाली, हाताखालच्या कारकुनांनी पैसे खाल्ले, भाव पडले, आणि माळरानाची जमीन जेवढं देऊच शकत नव्हती तेवढा सारा बसला. लोकांनी जमिनी टाकल्या. कित्येक कुटुंबं निजामाच्या हद्दीत निघून गेली. वसुलासाठी रयतेला उन्हात उभं करण्यासारख्या छळाच्या तक्रारी झाल्या. इथे लुटीचा हेतू शोधायची गरज नाही. प्रिंगलचा आपल्या सिद्धान्तावर विश्वास होता, आणि माझ्या दृष्टीने हीच गंभीर गोष्ट आहे. सिद्धान्त चुकला तर त्याला पदावरून खाली ओढण्याचा कुठलाही हक्क गावाजवळ नव्हता. इजारदार जुलमी होता, पण त्याला पाटील ओळखत होता, त्याच्याशी घासाघीस करता येत होती. रिकार्डोशी कोण घासाघीस करणार?

१८३६ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवी मोजणी लागू केली, दर खाली आणले, तीस वर्षांचा करार दिला. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. ही सुधारणा खरी होती आणि ती मान्य करायला मला अडचण वाटत नाही. पण जमीन आता विकता येणारी, गहाण टाकता येणारी, कोर्टात जप्त होणारी वस्तू झाली होती. सारा रोखीत, ठरलेल्या हप्त्याला. पीक येवो न येवो. हप्त्यासाठी सावकार, सावकारासाठी कर्जखत, कर्जखतासाठी कोर्ट. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरला आपला कापूस हवा झाला, भाव चढले आणि सावकारांनी सैल हाताने कर्जं दिली. मुंबईत शेअरांचा सट्टा झाला तो याच पैशावर. युद्ध संपलं, भाव कोसळले. आणि नेमक्या याच वेळी, तीस वर्षं संपल्यावर, इंदापूरची फेरजमाबंदी आली आणि दर पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुणे आणि नगरच्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरलं. लोकांनी काय मागितलं याची नोंद फार महत्त्वाची आहे: त्यांनी कर्जखतं मागितली. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. कागद चौकात आणून जाळले. न वाचता येणाऱ्या माणसांनी आपल्या दारिद्र्याचं मूळ कागदात आहे हे अचूक ओळखलं होतं. सरकारने चौकशी समिती नेमली. सरकारी सारा हे दंग्याचं कारण आहे का, असा प्रश्न तिच्यापुढे होता, आणि सारा नव्हे, सावकार हेच कारण, असं उत्तर तिने दिलं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. त्याने कोर्टाचा वरवंटा थोडा हलका केला, साऱ्याच्या दराला मात्र हात लावला नाही.

मधल्या काळात १८७६-७८ चा दुष्काळ आला होता. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असा सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलचा हिशेब होता. इतक्यावर दिवसभर खडी फोडायची. मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

आता तुमची पारडी. रेल्वे एकीकडे आणि दुष्काळ दुसरीकडे ठेवता येत नाही, कारण ती एकाच खात्यातली रक्कम आहे. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर भरपाई महसुलातून, म्हणजे इंदापूरच्या साऱ्यातून. तिच्यावरून वऱ्हाडचा कापूस बंदराला गेला. दुष्काळात तिच्यावरून धान्य आत आलं, आणि जिकडे भाव चांगला तिकडे ते बाहेरही गेलं. शाळांचंही तसंच. १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात हा हिशेब मांडला आहे: महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यामुळे ‘फायदा झाला का’ यापेक्षा ‘कुणाच्या पैशाने, कुणाचा’ असं विचाराल तर उत्तर सापडेल.

फुल्यांमुळेच हा विषय सोपा राहत नाही, आणि कुणी तो सोपा करून सांगू लागलं तर मला राग येतो. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली आहे. त्यांच्या दृष्टीने इंग्रजी राज्याआधीची गुलामी संपलेली नव्हती. मिशनऱ्यांची शाळा आणि कायद्यापुढची समानता, निदान कागदावरची, ही शूद्रातिशूद्रांना पेशवाईत न मिळालेली फट होती. त्याच फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार, पेन्शनी आणि त्यांचा ऐषआराम यांवर कोरडे ओढले. १८८८ मध्ये पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ समारंभ झाला, तिथे ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीची खरी प्रजा अशी दिसते हे त्याला सांगितलं. साम्राज्याच्या समर्थनातलं एकेक वाक्य घेऊन ते पुरं करून मागण्याची ही रीत आहे.

ही रीत मला त्या शतकातल्या मराठी मुलखात जागोजागी दिसते. इंग्रजांनी न्यायाचं राज्य आणल्याचं सांगितलं, म्हणून पदच्युत प्रतापसिंहांचा वकील रंगो बापूजी लंडनला गेला आणि १८४० पासून जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहून कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून तहाची कलमं वाचून दाखवत राहिला. त्याला न्याय मिळाला नाही. तो तिथे असतानाच सातारा खालसा झालं. १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. इंग्रजांनी उदार विद्या शिकवल्याचं सांगितलं, म्हणून एल्फिन्स्टनच्याच नावाच्या संस्थेत शिकलेल्या भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने आठ पत्रं लिहिली. देशाची संपत्ती बाहेर कशी जाते, कारागीर कसे बुडाले, हे त्यांनी इंग्रजीत, इंग्रजांना सांगितलं. त्याच संस्थेतले दादाभाई नौरोजी पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले आणि हिशेबाची पद्धत त्यांनी राज्यालाच लावली. १९०१ च्या त्यांच्या ग्रंथाचं नाव पाहा: ते या राज्याला ‘अ-ब्रिटिश’ म्हणतात. तुम्ही जी ब्रिटिश मूल्यं सांगता त्यांच्याच कसोटीला तुम्ही उतरत नाही, हा त्यांचा मुद्दा. समर्थन म्हणून जे लिहून दिलं होतं ते या सगळ्यांनी दर्शनी हुंडीसारखं, म्हणजे दाखवताच पैसे द्यावे लागणाऱ्या चिठ्ठीसारखं, वटवायला नेलं. ती वटली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘आमच्या देशाची स्थिति’ लिहिला तेव्हा ती वटणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि सरकारने पुढे तो निबंध जप्त केला.

तुमच्या शोधनिबंधासाठी माझा सल्ला व्यवहारातला आहे. सगळा साम्राज्यवाद घेऊ नका, एक तालुका घ्या. इंदापूर किंवा भीमथडी चालेल, नगरकडचा श्रीगोंदाही चालेल. त्याचे मोजणीचे आणि फेरजमाबंदीचे छापील अहवाल मिळतात. त्यांच्या शेजारी दंग्याच्या चौकशीचा अहवाल ठेवा आणि ‘शेतकऱ्याचा आसूड’ ठेवा. मग टेलरची ‘तारा’ उघडा आणि त्या मुलखातले शेतकरी त्या कादंबरीत किती पानांवर येतात ते मोजा. मोडी शिकायला तीन महिने लागतील, घाबरू नका. पुण्याच्या अभिलेखागारात रुमाल सोडताना पहिल्या दिवशी धुळीने शिंका येतील आणि अक्षर लागणार नाही. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या पाटलाच्या अर्जात ‘गाव बेचिराख झाला, साऱ्याची सूट मिळावी’ अशी ओळ तुम्हाला आपोआप वाचता येईल. निबंध तिथून लिहायला घ्या.